रिकाम्या जागा

"मास्तर, पेपरात लेकीला पार उसवलंय हो!" शेजारचा केस कापणारा दारातूनच ओरडला. हातात पेपर, खांद्यावर गिऱ्हाइकाचा टॉवेल.

"उसवू दे. शिवू आपण," टेलर मास्तर म्हणाले खरे, पण हातातली कात्री कापडातच अडकून राहिली. "आणि हळू. वर झोपलीय ती."

हळू बोलणं त्याच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. त्यानं खणखणीत आवाजात वाचलं, "'पहिल्या अल्बमनं लावलेली आशा दुसऱ्यानं फोल ठरवली. आवाज तोच, पण गाण्यांत जागोजागी रिकाम्या जागा. या मुलीचं सांगायचं सगळं सांगून झालं की काय?' म्हणजे परीक्षेतल्यासारखं का हो? रिकाम्या जागा भरा?"

मास्तर हसले नाहीत.

पहिला अल्बम लेकीनं दुकानामागच्या खोलीत रेकॉर्ड केला होता. दार कितीही घट्ट लावा, आईचं शिलाई मशीन गाण्यात घुसायचंच. "तुझं गाणं थांबेल, गिऱ्हाईक थांबत नाही," ती म्हणायची. आणि पेपरात काय छापून यावं? 'अनामिक तालवादकाची कमाल'! तिनं तो पेपर महिनाभर गिऱ्हाइकांना दाखवला. "अनामिक म्हणे! नाव विचारायला तोंड नव्हतं का मेल्याला?"

पुढच्याच हिवाळ्यात ती गेली आणि मशीनवर कव्हर चढलं. कापणं मास्तरांचं, शिवणं तिचं, अशी जन्माची वाटणी होती. आता मास्तर फक्त कापत. शिवायला कपडे दुसरीकडे जात.

लेक जिना उतरून आली. डोळे सुजलेले. म्हणजे पेपराआधी फोननंच तिला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, कंपनीवाले म्हणतायत, त्या जागांमध्ये ढोलबिल घालून पुन्हा काढू. आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नाही म्हटलं तर तिसरा अल्बम विसरायचा."

"मग भर की," मास्तर म्हणाले. "बाहीला फट राहिली तर गिऱ्हाईक सदरा तोंडावर फेकतं."

"तुम्ही ऐकलाय तरी का?"

मास्तरांनी ऐकला नव्हता. धीरच झाला नव्हता. लेकीनं फोन कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि गाणं लावलं.

नुसतं बसून ऐकणं मास्तरांना जमणारं नव्हतं. ते कापत राहिले. गाणं लांब, सरळ शिवणीसारखं धावत होतं. आणि एकाएकी थांबलं. ढोल नाही, सूर नाही, काहीच नाही.

मास्तरांचा हात आपसूक उठला. कापलेली बाही त्यांनी टेबलावरून पलीकडे सरकवली. शिवण संपली की मशीन थांबायचं, तेव्हा पुढचा तुकडा द्यायचा. वर न बघता ती तो घ्यायची. इतकी वर्षं हेच.

गाणं पुन्हा धावलं, पुन्हा थांबलं. हात पुन्हा गेला. दुसरी बाही.

तेव्हा कुठे मास्तरांचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं.

"सवय लागलीय हो मला," लेक खालच्या आवाजात म्हणाली. "आई थांबायची, तिथं मीही थांबते. बाबा, भरायच्या का?"

दारातल्या शेजाऱ्यानं पेपराची घडी घातली आणि पाय न वाजवता निघून गेला. हळू.

"नको," मास्तर म्हणाले. मग पाठीचं कापड पुढ्यात ओढून, "तिसऱ्याचं काय ते बघू."

लेक फोन घ्यायला पुढे झाली. "गाणं राहू दे चालू," ते म्हणाले. ती शेजाऱ्याच्या दुकानातून फोन करायला गेली. भिंतीपलीकडून तिचं 'नाही' स्पष्ट ऐकू आलं. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं.

गाणं संपलं तेव्हा कव्हर घातलेल्या मशीनपाशी दोन्ही बाह्या, पाठ, पुढा, कॉलर, खिसा असा अख्खा सदरा येऊन पडला होता. सुटासुटा.