आधाराचं झाड

करवत थांबली, दगडाचे दोन तुकडे झाले आणि पुतणीच्या तोंडचं पाणी पळालं.

हा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या एका नेच्याचा, म्हणजे फर्नचा, एकमेव जीवाश्म. तो सापडला काकांना, प्रयोगशाळाही काकांचीच. नेचा बांडगुळासारखा होता, दुसऱ्या झाडावर चढून त्याला मुळांनी आवळायचा, हे त्यांनी साऱ्या जगाच्या गळी उतरवलं होतं. पुतणीनं त्यावरच आठ वर्षं घासून प्रबंध लिहिला. नमुन्याच्या मध्यावर पातं लावायचं नाही हा काकांचा दंडक, त्यामुळे सगळे काप कडेचेच. पण परीक्षक हटून बसले: आधाराचं झाड कोणतं ते दाखवा, मगच पदवी. मध्यावर पातं लागू नये म्हणून काकांनी आकाशपाताळ एक केलं, पण उपयोग झाला नाही.

आणि आता भिंगाखाली झाडच नव्हतं! लाकूड नाही, वलयं नाहीत. कडेपासून मध्यापर्यंत नेच्याचीच बोटभर जाड खोडं, शंभरावर, आणि मधल्या फटींत ठासून भरलेली मुळं. नदीकाठच्या चिखलात या किरकोळ खोडांनी एकमेकांना धरून स्वतःचाच बुंधा उभा केला होता. खालची खोडं मेली, तरी मुळांनी भार पेलला होता. बिचाऱ्या नेच्यानं कुणालाच आवळलं नव्हतं.

आठ वर्षं पाण्यात गेली! तरी तिला धास्ती वाटली ती काकांची. म्हातारा हे पचवणार कसं?

काका बाहेर बाकावर बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"मधे झाड नाही ना?" काकाच म्हणाले. "नुसती त्याचीच खोडं?"

दगड तर अजून आतच होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

काका चपलांकडे बघत राहिले. "दगडाच्या बुडाला प्लॅस्टर आहे ना, त्याखाली भोक आहे. मधे काय आहे ते बघायला मीच पाडलं होतं. तू दुसरीत असशील. तोवर पुस्तक निघालं होतं, सत्कार झाले होते. कोणत्या तोंडानं सांगणार?"

"आणि मला हाच विषय दिलात?"

"तू इतक्या हौसेनं मागितलास..."

"चारशे काप केले मी, काका! तुमच्या शेजारी बसून. रोज पाठीवर थाप मारत होतात!"

"ती शाबासकी खरी होती गं," काका पुटपुटले.

तिला रडायचंही सुचेना. तिनं आत जाऊन खुंटीवरचा त्यांचा कोट आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"उठा. परीक्षकांकडे जायचंय. भोकाचं तुम्हीच सांगायचं."