पाव इंच माया

मानवजातीच्या इतिहासात जी काही थोर कामं झाली, ती छाती पुढे काढूनच झाली. मास्तरांच्या मुलाची छाती मात्र जन्मापासून आत गेलेली होती. मधोमध, वाटी बसेल इतकी. लहानपणी तो उताणा पडला की त्याची ताई तिथे खरोखरच शेंगदाणे ठेवून खायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. मुलगा नववीत गेल्यापासून त्याचा प्रत्येक शर्ट त्यांनीच शिवला होता, आतून पॅडिंग घालून. पहिला सोडला, तर एकाही शर्टाच्या पोटातली गोष्ट बाहेर कुणाला कळली नव्हती. त्यामुळे सत्ताविसाव्या वर्षी मुलाने छातीत सिलिकॉनचा तुकडा बसवून घ्यायचं काढलं, तेव्हा गिऱ्हाईक शर्ट परत घेऊन आल्यासारखं मास्तरांचं तोंड झालं.

"हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. मग कशाला? शर्टात काही दिसतं का?"

"शर्टात नाही दिसत, बाबा. काढल्यावर दिसतं."

"मग काढतोस कशाला?"

"अहो," मुलाची आई पलीकडून म्हणाली, "लग्न ठरलंय त्याचं."

मास्तरांनी मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. तो आधीच ओवलेला होता.

दवाखान्यात ते गळ्यातली टेप न काढताच गेले. मुलाच्या छातीवर प्लास्टर ओतून साचा घेऊन झाला होता, आणि त्यावरून केलेला मेणाचा नमुना टेबलावर होता. सिलिकॉनचा तुकडा हुबेहूब असाच होणार होता. मास्तरांनी तो उचलला, कडेवरून अंगठा फिरवला.

"डॉक्टरसाहेब, जरा माया सोडा."

डॉक्टर दचकले. "काका, मी संसारी माणूस आहे. इतक्यात कुठे?"

"तसं नाही हो," मुलगा घाईघाईने म्हणाला, "शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाबा, हे उसवून सैल करता येत नाही!"

"पाव इंच. काय बिघडतं?"

"पाव इंचानेही छातीवर टेंगूळ दिसेल, काका."

"बरं, माया राहू द्या. मग कड तरी उतरवा. इतकी जाड राहिली तर कातडीखालून रेघ उठेल. ए, शर्ट काढ."

त्यांनी शर्ट उलटा करून टेबलावर पसरला. पॅडिंगचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, कडेला कागदाइतके पातळ. डॉक्टर बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"याने." मास्तरांनी हनुवटीने मुलाकडे दाखवलं. "पहिल्या शर्टात रेघ दिसली होती. वर्गातून रडत घरी आला."

मुलगा उघड्या अंगाने खिडकीबाहेर बघत राहिला. डॉक्टरांनी चाकू घेऊन मेणाची कड तासायला सुरुवात केली.

"अजून," मास्तर वाकून म्हणाले. "अजून थोडी. बास."

ऑपरेशन झालं. सहा आठवडे धावायचं नाही, वजन उचलायचं नाही, असा हुकूम होता आणि आईने तो मनापासून पाळून घेतला. मुलाला तिने नुसतं बसवून खाऊ घातलं. छातीचा पट्टा कायमचा निघाला त्या दिवशी मास्तरांनी हलकेच अंगठा फिरवून पाहिला. कड कुठेही लागली नाही.

"हात आहे डॉक्टरांना," ते म्हणाले. दुसऱ्याच्या शिवणीबद्दल इतकं चांगलं ते आजवर बोलले नव्हते.

मग मुलाने आयुष्यातला पहिला विकतचा टी-शर्ट चढवला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला. छातीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पोट सुटलं होतं.