गारमहाराजांचा चंदेरी ठिपका

जिन्यावर चपला ठेवायला जागा उरली नव्हती. घड्याळाच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये माणसं अशी दाटली होती, की एकाने मान वळवली तर चौघांना कूस बदलावी लागे. आणि बहुतेकांच्या हातात काय होतं, तर पोरांचं गेम खेळायचं यंत्र. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, हातात मावणारं. सगळी यंत्रं तापलेली, सगळ्यांचे पंखे घरघरत असलेले.

समोर गादीवर पांढरी शाल पांघरून गारमहाराज बसले होते. हे नाव लोकांनी दिलं असं ते सांगत. लोक म्हणत, ते त्यांनीच सांगितलं.

"आणा," महाराज म्हणाले.

बँकेतल्या एका कारकुनाने मुलाचं यंत्र पुढे केलं. महाराजांनी ते कानाला लावलं, डोळे मिटले आणि हलकेच मान हलवली.

"रडतंय."

"अगं बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

"यंत्रालाही जीव असतो. इकडे त्याच्या जिवाची आग आग होते, आणि तुम्ही विचारता, गॅरंटी आहे का?"

लोक हसले, आणि मग हसल्याबद्दल ओशाळले. यंत्र रेशमी रुमालात गुंडाळून महाराज पडद्यामागच्या शांतिकक्षात गेले. बाहेर महाराजांच्या धिप्पाड मेहुण्याने माइक हातात घेतला.

"थंड हो! शांत हो! जोरात म्हणा, जोरात! आत ऐकू गेलं पाहिजे!"

आतल्या शांतीसाठी बाहेर एवढा गोंगाट का लागतो, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं. घसे बसेपर्यंत जप झाला, तेव्हा कुठे महाराज घाम पुसत बाहेर आले. यंत्र सुरू केलं. पंखा गप्प. कारकुनाने भीतभीत पाठीमागे हात लावून पाहिला आणि त्याचे डोळेच विस्फारले.

"गार आहे हो! अगदी गार!"

"आणि ही त्याच्यातून निघालेली आग," महाराजांनी अंगठा दाखवला. अंगठ्यावर चंदेरी लेप चमकत होता. "आग शांत झाली की तिची चांदी होते."

त्या चांदीचा ठिपका कपाळी लावून घ्यायला रांग लागली. ठिपका पाण्याने जात नसे, साबणालाही दाद देत नसे. म्हणून तर त्याचा महिमा. ज्याच्या कपाळी ठिपका, तो आठवडाभर मान जरा उंच करूनच चाले.

या गर्दीत भिंगरीची आई बसली होती. बाई अशी अबोल, की तिने हाक मारली तर शेजारचं मांजरही मान वर करत नसे. पहाटे दिवा लावून माळ ओढायची, आणि माळ पुरी होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. इतक्या वर्षांत देव तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. म्हणूनच की काय, इतकं बोलणारे महाराज तिला जरा जड जात होते. पण धाकट्या जावेने हट्ट धरला होता, "ताई, एकदा बघायला काय जातं?" आणि डोळ्यांदेखत यंत्र गार झालं होतं, ते कसं नाकारायचं?

आता एक गोष्ट होती. एका दुपारी दोन यंत्रं झाली की महाराजांची शक्ती ओसरत असे. भिंगरीच्या आईचा नंबर तिसरा लागला.

"हे कोण खेळतं?" महाराजांनी यंत्र न घेताच विचारलं.

"माझी मुलगी."

बारा वर्षांची भिंगरी शेजारीच होती. काकूचं चार महिन्यांचं बाळ तिच्या मांडीवर पाय झाडत होतं. महाराजांनी तिचा तळवा पालथा केला, उताणा केला, आणि सुस्कारा सोडला.

"यंत्राचा दोष नाही. या हातांतच आग आहे. आधी हात शांत करावे लागतील. बैठकांना यावं लागेल."

"किती?" आईने विचारलं.

"आग सांगेल. तोवर दुधाला आणि तान्ह्या लेकराला हिचा हात लागू देऊ नका."

काकूने तिथल्या तिथे बाळ उचललं. बाळ बापडं रडलंसुद्धा नाही, उलट त्याने भिंगरीच्या वेणीचं टोक धरून ठेवलं. ते त्याच्या मुठीतून सोडवावं लागलं. रडू आलं ते भिंगरीला, पण चारचौघांत तिने ते गिळून टाकलं.

घरी काकू वाईट वागली असं कुणी म्हणणार नाही. तिने कारणं फक्त मऊ मऊ शोधली.

"काकू, बाळाला घेऊ?"

"झोपलाय गं आत्ताच."

बाळ डोळे टक्क उघडून पंख्याकडे बघत होतं.

"आता?"

"आता दूध पिऊन झालंय. उलटी करेल."

"मग कधी घेऊ?"

"बघू हं, राणी."

चार-पाच दिवसांत भिंगरीने विचारायचं सोडलं. हात खिशात घालून फिरू लागली. बाळाने खुळखुळा तिच्या पायाशी टाकला, तर पायाने परत ढकलला. बाबा म्हणाले, "काय हा खुळेपणा!" आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. एका संध्याकाळी आई भाजी निवडत होती, तेव्हा भिंगरी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, तुला भाजतं का माझ्या हाताने?"

आईने तिचे दोन्ही हात आपल्या गालांवर ठेवून घेतले. ते ओले होते, गारठलेले होते. पोर किती वेळ नळाखाली धरून बसली होती, कोण जाणे.

"नाही गं सोन्या."

"मग काकूला सांग ना तसं."

आईच्या ओठांवर शब्द आला आणि तिथेच थबकला. जाऊ विचारणार, मग महाराज खोटे का? आणि ते गार झालेलं यंत्र? याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. लेकीची बाजू घ्यायला तिला उत्तर लागावं, याचीच तिला मग रात्रभर लाज वाटत राहिली.

भिंगरीने मात्र तिचा प्रश्न वरच्या मजल्यावर नेला. तिथे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई राहत.

"हातात धरलं नाही तर तापतं का ते?" बाईंनी विचारलं.

भिंगरीने असं कधी करून पाहिलं नव्हतं. दोघींनी यंत्र टेबलावर ठेवलं, गेम सुरू केला आणि हाताची घडी घालून बसल्या. थोड्या वेळात पंखा कोकलायला लागला. बाईंनी पाठीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"अगं बाई, आता या टेबलाला बैठकांना नेणार कोण?"

भिंगरी खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी आई देवासमोर माळ घेऊन बसलेली असताना स्वयंपाकघरात काहीतरी कुरकुर सुरू झाली. स्क्रू फिरवल्यासारखी. मग बाईंचा आवाज.

"आधी पूर्ण बंद केलंस ना? आता बॅटरीची वायर सोडव. ओढू नको, हलकेच."

आईचा मणी सरकला.

"बाई, हे बघा! वाळलेलं दंतमंजन!"

"ती पेस्ट आहे. ही चिप म्हणजे यंत्राचा मेंदू, तो काम करताना तापतो. वरची तांब्याची पट्टी ती उष्णता उचलून पंख्याकडे नेते. पण धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात, आणि खड्ड्यांत हवा. हवेतून उष्णता जाता जात नाही. म्हणून मधे ही थर्मल पेस्ट भरतात. काही वर्षांनी ती सुकते, तडकते. मग चिप तापतच राहते आणि पंखा नुसता ओरडतो."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"तुझ्यामुळे कसं? तू काय त्या चिपेवर बसली होतीस?"

आईचा मणी तिथेच अडला. बोलायचं तर नव्हतं. तिने डोळे घट्ट मिटून नाम पुढे ढकललं.

"स्पिरिटने जुनी पूस. हां. आता नवी, तांदळाच्या दाण्याएवढी. पुरे. अगं पुरे! हा दाणा आहे की भाकरी?"

"सांडली, बाई."

"सांडणारच. ही एकदा बाहेर आली की घरभर हिंडते."

मग भिंगरी देवघराच्या दारात आली. नाकाच्या शेंड्यावर लखलखीत चंदेरी ठिपका.

आई बघतच राहिली. तिने बोटाने नाक दाखवलं.

"काय? नाक? शेंबूड आलाय?"

आईने मानेने नाही म्हटलं आणि पुन्हा नाक दाखवलं, मग कपाळ दाखवलं.

"आई, माळ संपव ना आधी, काही कळत नाहीये."

त्या दिवशी देवालाही नाम जरा धावतपळतच ऐकावं लागलं. शेवटचा मणी हातातून सुटला आणि आई उठली ती थेट स्वयंपाकघरात.

"ही चांदी कुठून आली?"

"ट्यूबमधून," भिंगरी म्हणाली.

आईने लेकीचं नाक ओल्या पदराने पुसलं. ठिपका हलला नाही, उलट गालापर्यंत पसरला. बाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि नाक कोरं झालं. आई खाली बसली. ट्यूब उचलून तिने उलटसुलट करून पाहिली.

यंत्र जोडून सुरू केलं. भिंगरीने ते त्याच ‘आगीच्या’ हातांत धरून दुपारपर्यंत खेळवलं. पंखा कुजबुजत होता, एवढंच. आईने जावेला बोलावून दाखवलं.

जावेने हात लावून पाहिला, कपाळावरचा महाराजांचा ठिपका चाचपला आणि म्हणाली, "महाराजांनी लांबून कृपा केली असेल, ताई."

बाईंनी कपाळाला हात लावला. भिंगरी मात्र विचार करत होती.

"काकू, तुझी लाल नेलपेंट देतेस?"

पुढच्या बैठकीला चौघी गेल्या, बाळासकट. जिन्यात गल्लीतले शिंपीकाका भेटले, हातात नातवाचं यंत्र. भिंगरी त्यांच्या कानाशी लागली. शिंपीकाका मिश्कील माणूस. म्हणाले, "रंगव बाई, रंगव." भिंगरीने यंत्राच्या प्रत्येक स्क्रूवर लाल थेंब ठेवला, स्क्रू आणि कव्हर दोन्हींना चिकटेल असा, आणि फुंकर मारून वाळवला.

पहिला नंबर शिंपीकाकांनी कोपर मारून मिळवला. रुमाल, शांतिकक्ष, माइक, "थंड हो! शांत हो!" सगळं यथासांग झालं. यंत्र गार होऊन आलं, महाराजांचा अंगठा चमकला. शिंपीकाकांनी यंत्र उलटं केलं. सगळे लाल थेंब मधोमध तडकले होते, एका स्क्रूवर तर काहीच उरलं नव्हतं.

भिंगरीची आई उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका हळू, की तो ऐकायला अख्ख्या हॉलला गप्प बसावं लागलं.

"महाराज, स्क्रू कसे हो उघडले?"

"आग बाहेर पडताना वाट काढते, माई."

"बरं. मग पुढचं यंत्र इथेच करता? पडदा नको. जप आम्ही मनातल्या मनात करू."

"शांतिकक्षावाचून शक्ती उतरत नाही."

"मग शांतिकक्षच इकडे आणू," शिंपीकाका म्हणाले. "उभा जन्म पडदे शिवण्यात गेला, एक ओढता येत नाही होय?"

पडदा सर्रकन सरकला. आत एक टेबल, वर दिवा, भिंग, स्क्रूड्रायव्हर, स्पिरिटची बाटली, कापूस, आणि चंदेरी पेस्टच्या ट्यूबा. आईने पिशवीतून आपली ट्यूब काढली आणि जावेच्या कपाळी, महाराजांच्या ठिपक्याशेजारी, दुसरा ठिपका लावला. दोन्ही जुळे. बाईंनी स्पिरिटच्या कापसाने दोन्ही एकदमच पुसले.

हॉलमध्ये हशा पिकला. महाराज लाल झाले, पण हटले नाहीत.

"गार झालं की नाही? सांगा! मग तक्रार कसली?"

दोन-चार माना हलल्या. बोलणं खोटं नव्हतं.

"दुरुस्ती उत्तम केलीत," आई म्हणाली. "हात कसबी आहे तुमचा. दुकान काढा, मी स्वतः गिऱ्हाइकं पाठवीन. पण माझ्या मुलीच्या हातांत आग आहे, हे कशावरून ठरवलंत?"

महाराजांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मेहुण्याला राहवलं नाही. माइक अजून त्याच्या हातात होता, आणि चालूही होता.

"दमले होते हो ते. दोन यंत्रं झाली की पाठ धरते त्यांची. तिसऱ्याला काहीतरी सांगावंच लागतं."

माणसं पुन्हा हसायला लागली. पण आई हसली नाही, तसे एकेक करून सगळे थांबले.

"तुमची पाठ धरली," ती म्हणाली, "आणि माझं पोर इतके दिवस खिशात हात घालून फिरलं. यंत्राचं खोटं मी विसरले असते, महाराज. हे कसं विसरू?"

महाराजांनी शाल सावरली. 

काकू गर्दीतून वाट काढत भिंगरीसमोर आली. तिचे डोळे भरले होते. तिने बाळ पुढे केलं.

"घे."

भिंगरी मागे सरली. "हात धुऊन येऊ?"

"नको गं," काकूचा आवाज फुटला. "धुवायचं काही नाही त्यांना."

तिने स्वतः भिंगरीचे हात खिशातून बाहेर काढले आणि बाळ त्यांच्यावर ठेवलं. बाळाने आधी तिच्याकडे टकमक पाहिलं, मग नाक धरलं, आणि सोडायला तयार होईना.

मायबहिणींनो, ज्या देवाला आपण दिवा लावतो, त्याला आपल्या विचारण्याचा राग येत नाही. राग आला तर तो माणसांना येतो, आणि तोही ज्यांच्या घरी पडदा आहे त्यांनाच. यंत्र तापलं तर जाणत्याकडून ते उघडून घ्या, आपल्यासमोर. आणि कुणी तुमच्या घरातल्या लेकराच्या हाताला, पायगुणाला किंवा जन्मवेळेला दोष दिला, तर त्याला शांतपणे एवढंच विचारा, ‘कशावरून?’ उत्तर येवो की न येवो, तोवर लेकराचा हात आपल्या हातातून सोडू नका.