गुणी मशीन

आमच्या लॅबमधलं रक्त तपासायचं मशीन कायम रुसलेलं. उत्तर आधीच ठाऊक असलेला कंट्रोलचा नमुना घातला, की हमखास भलताच आकडा द्यायचं. मग सगळे रिपोर्ट रद्द, आणि तंत्रज्ञ मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

आज त्याने बायकोचं रक्त लावलं. पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या, की ब्लड कॅन्सरचीच शंका यावी. मग मोठ्या आशेने कंट्रोल लावला. बरोबर आला. नवी बाटली फोडून लावला. तोही बरोबर.

"सुधारलं बाई एकदाचं," लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"अजून एकदा लावतो, मॅडम. याचा काय भरवसा?"

पुन्हा बरोबर.

बाहेर बाकावर बायको ताटकळत होती. "एवढा उशीर? तुमचं मशीन परत रुसलं वाटतं."

"नाही गं," तो म्हणाला. "आज अगदी शहाण्यासारखं वागतंय."