निराहारी गाडीचा कौल

"कलियुगातला देव घोड्यावर बसून येणार नाही. तो चार चाकांवर येईल, धूर सोडणार नाही आणि सत्याच्या बाजूला झुकेल," असे दौलत गायकर यांनी ठाकुर्लीत गावदेवीच्या देवळासमोर लाउडस्पीकरवरून जाहीर केले. पाठोपाठ त्याच लाउडस्पीकरवरून त्यांना असेही जाहीर करावे लागले की देवामागे एक रिक्षा अडकली आहे, तरी भाविकांनी वाट द्यावी.

देव पांढऱ्या रंगाचा होता. इलेक्ट्रिक होता. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर हळदीकुंकवाचे पंजे आणि चार्जिंगच्या झाकणावर स्वस्तिक. शेजारी त्याचा मालक प्रफुल्ल उभा होता. हा प्रफुल्ल गेल्या वर्षापर्यंत डोंबिवलीत पाण्याचे फिल्टर विकत असे. आता त्याच्या खांद्यावर भगवी शाल होती, उजवा हात आशीर्वादाला वर होता आणि डावा हात कुडत्याच्या खिशात होता.

गर्दीच्या कडेला खांबेटे बाई उभ्या होत्या. बाईंनी डोंबिवलीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवले, त्यामुळे माणसाचा कुठला हात कुठे आहे हे बघायची त्यांना सवय. परीक्षेत कॉपी बहुधा न दिसणाऱ्या हातातच असते. पण आज बाई कॉपी पकडायला आल्या नव्हत्या. त्या गंगुबाईंसाठी आल्या होत्या.

गंगुबाई म्हणजे दौलतची आई. बाईंची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिथे एके काळी गंगुबाई भात लावायच्या. आता तळमजल्यावर राहतात, आणि बाईंना रोज सांगतात की तुमचे स्वयंपाकघर आमच्या बांधावर आहे. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी बजावले होते की आणखी थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल आणि नजर जाईल ती परत यायची नाही. बाईंनी खटपट करून ठाण्यातल्या एका इस्पितळात आजचीच वेळ मिळवली होती. पण दौलतने आईला पंधरवड्यापूर्वीच गाडीपुढे उभे केले होते, आणि गाडीने ऑपरेशनला नकार दिला होता.

गाडी नकार कसा देते, हे समजायला कौल म्हणजे काय ते माहीत हवे. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाडीच्या अंगावर पाकळ्या टिकेनात, म्हणून गाडी स्वतःच झुकू लागली. सुरुवातीला देवाचा उजवा धरायचा की बघणाऱ्याचा, यावरून दोन आळ्यांत बोलाचाली झाली. शेवटी असे ठरले की देवाचा मान राखून देवाचाच उजवा धरावा. म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला झुकली तर हो, पलीकडे झुकली तर नाही.

"ही डिझेल पीत नाही," प्रफुल्ल माइकवर सांगत होता. "पेट्रोलला शिवत नाही. निराहारी आहे. फक्त वीज घेते. वीज म्हणजे शक्ती, शक्ती म्हणजे देवी. आणि तीसुद्धा पोटभर घेत नाही. ऐंशी टक्के झाले की म्हणते, पुरे. आपल्यापैकी कोण ऐंशी टक्क्यांवर ताट सारतो?"

गर्दीने माना खाली घातल्या. रविवारच्या श्रीखंडाची आठवण प्रत्येकालाच होती.

आपल्याला प्रश्न विचारायचा आहे, असे बाईंनी पुढे होऊन सांगितले. प्रफुल्ल थोडा दचकला. सहावीत त्याने बाईंची छडी खाल्ली होती.

"दोन आणि दोन चार होतात का?" बाईंनी गाडीला विचारले.

कुडत्याचा खिसा किंचित हलला. गाडीच्या डिकीतून चटणी वाटल्यासारखी घरघर आली. गाडी ड्रायव्हरच्या बाजूला जराशी कलली, लोकांनी हात जोडले, आणि मग एक लांब सुस्कारा टाकून ती हळूहळू डाव्या अंगावर जाऊन बसली.

दोन आणि दोन चार होत नव्हते. दौलतने सावरून घेतले की व्यवहारात होतात, अध्यात्मात होत नाहीत. एक गृहस्थ म्हणाले की त्यांच्या सोसायटीच्या हिशेबातही होत नाहीत. पण बाईंचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. त्या प्रफुल्लच्या तोंडाकडे बघत होत्या. तो गर्दीतल्या कोणाहीपेक्षा जास्त घाबरलेला दिसत होता.

लबाड माणूस आपल्याच चमत्काराला घाबरतो, असे बाईंनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी आजूबाजूला चौकशी केली. गेल्या पंधरवड्यात गाडीने झाडून सगळ्यांना नकार दिला होता. एका मुलीचे ठरलेले लग्न थांबले होते. एकाने नोकरीवर रुजू व्हायचे रद्द केले होते. समोरच्या पानवाल्याने तर आणखीच नवल सांगितले. सकाळी तो टपरी उघडतो तेव्हा गाडी आधीच डावीकडे झुकलेली असते. कोणी काही विचारलेले नसताना.

"प्रश्नाच्या आधीच उत्तर," पानवाला भक्तिभावाने म्हणाला. "किती पोचलेली आहे बघा."

बाईंना मात्र आपली जुनी सायकल आठवली. तीही सकाळी अशीच पोचलेली असायची.

त्या घरी गेल्या आणि केस धुवायला भिजवलेल्या रिठ्यांचे पाणी कळशीत भरून परत आल्या. आपल्याला देवाला अभिषेक करायचा आहे, असे त्यांनी दौलतला सांगितले. बाईंसारखी शिकलेली बाई अभिषेक करते म्हटल्यावर दौलतला भरून आले. त्याने माइकवरून विज्ञान शरण आल्याचे जाहीर केले. प्रफुल्लला नाही म्हणता येईना.

"देवाला जरा मान वळवायला सांगा," बाई म्हणाल्या.

प्रफुल्लने आत बसून स्टिअरिंग फिरवले. पुढचे डावे चाक वळले आणि मागची पोकळी उघडी पडली. बाईंनी पदर खोचला, गुडघ्यावर बसल्या आणि कळशी आत रिकामी केली. पाणी ओघळून गेले. मग आत, एक काळी नळी जिथे पितळी जोडात शिरत होती तिथे, एक फुगा आला. तो फुटला. दुसरा आला. बघता बघता तिथे फेसाचा गोंडा जमला आणि फसफसू लागला.

"देवाच्या तोंडाला फेस आला," कोणीतरी पुटपुटले.

"तोंडाला नाही, बगलेला आला," बाई उठत म्हणाल्या. "गाडीची हवा जातेय. टायरची नाही, आतली."

गंगुबाई इतका वेळ खुर्चीवर बसून होत्या. त्यांना फेस दिसत नव्हता आणि गाडीही धड दिसत नव्हती. त्यांनी मुलाला विचारले, "काय झाला रं? गारी कनच्या अंगाला गेली?" दौलतचे तोंड उघडे होते आणि माइक चालू होता, त्यामुळे नुसता श्वास ऐकू येत होता.

प्रफुल्ल गाडीतून उतरला तो सरळ बाईंपुढे येऊन उभा राहिला. सहावीतला असल्यासारखा.

"बाई, शपथ घेऊन सांगतो. गंगुमावशीच्या वेळेला मी उजवंच दाबलेलं. ऑपरेशनला कोण नाही म्हणेल? पण ती ऐकेना. तेव्हापासून मला वाटायला लागलं की हिच्यात खरंच काहीतरी आलंय. मी झोपलेलो नाही धड."

"दाबलेलं म्हणजे कुठे?" बाईंनी विचारले.

प्रफुल्लने डावा हात खिशातून काढला. हातात फोन होता. फोनवर गाडीचे चित्र होते आणि तिच्या चारी कोपऱ्यांना खाली-वर बाण होते.

मग सगळी हकिगत बाहेर आली. या गाड्यांची बॅटरी पोटाशी असते, आणि आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ते पोट खरवडायचे. म्हणून प्रफुल्लने शिळफाट्याजवळच्या एका गॅरेजात चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा काढून तिथे रबरी हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या. डिकीत हवेची टाकी आणि ती भरणारा पंप. पिशवीत हवा भरली की तो कोपरा वर येतो, सोडली की खाली बसतो. कंपनीची वॉरंटी त्याच दिवशी गेली. नव्या गाडीची पूजा करायला तो गावदेवीपुढे आला, फोन हातात असतानाच हात जोडले, अंगठा बाणावर पडला आणि गाडी देवीपुढे वाकली. दौलत तिथेच होता. त्याने गाडीला लोटांगण घातले. चार माणसे पाया पडू लागल्यावर 'अहो, हे बटण आहे' म्हणायला जे धाडस लागते ते प्रफुल्लकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते असण्याची त्याला गरजही वाटली नाही.

बाईंनी फोन त्याच्याकडून घेतला आणि गर्दीत फिरवायला दिला. पानवाल्याने गाडी झुकवली. लग्न थांबलेल्या मुलीच्या मामाने झुकवली, आणि पंप घरघरत असेपर्यंत उजवीकडेच दाबून धरली. पाहता पाहता देवळापुढे रांग लागली. दर्शनाला लागली होती त्याहून मोठी.

"झुकणं काही वाईट नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी माइक घेतला नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत त्यांचा आवाज आजही जातो. "हवा भरली की वर आणि सोडली की खाली, हे सातवीच्या पुस्तकात आहे. पण लग्न, नोकरी, डोळा यांचं विचारायचं असेल तर अशाला विचारा, जो उत्तराचं कारण सांगेल, आणि चुकला तर चुकलो म्हणेल. ही गाडी दोन आणि दोन चार नाहीत म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला एकदाही 'का?' असं विचारलं नाहीत. मला मात्र वर्गात रोज विचारायचात. तेवढीच सवय ठेवा. बाकी काही सोडू नका, ना देव, ना देवीची जत्रा. फक्त विचारायचं सोडू नका."

टाळी कोणी वाजवली नाही, पण दोन-तीन माना हलल्या, आणि लग्नवाला मामा फोन कानाला लावून घाईघाईने बाजूला गेला. दौलतने माइक बंद केला. आईजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाला की आपण निघू, मी जीप काढतो, ठाण्याला वेळेत पोचू.

गंगुबाईंनी त्याचा हात बाजूला केला. जीपला उंच पायरी आहे, गुडघा वर जात नाही, असे त्या त्याला जीप घेतल्यापासून सांगत होत्या. त्या खुर्चीचा आधार घेत उठल्या, चाचपडत देवापर्यंत आल्या आणि पुढच्या डाव्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. हिच्यातून ठाण्यापर्यंत जाता येईल का, असे बाईंनी प्रफुल्लला विचारले. जोड हाताने घट्ट बसवतो, पंप चालू राहील, ठाण्यापर्यंत नक्की टिकेल, असे तो म्हणाला.

"सगला समजला मना," गंगुबाई त्याला म्हणाल्या. "आता ही तुझी गारी डाव्या अंगाला जराशी अजून खाली कर, बाला. मना बसाचा हाय."