पदराखालचा डबा

मयूरचं लग्न जमत नव्हतं, आणि त्याचं सगळं खापर त्याच्या आईनं, चंद्रभागाबाईंनी, हॉलमधल्या एका काळ्या डब्यावर फोडलं होतं. डबा म्हणजे रिसिव्हर. टीव्हीचा नाहीतर मोबाइलचा आवाज आत घ्यायचा आणि खोलीभर मांडलेल्या स्पीकरांना वाटून द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण पोरगा नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यातून आला की आधी त्या डब्यापुढे बसायचा आणि मग ताटावर. मुलगी बघायला गेला तरी विषय तोच. समोरची बिचारी पगार काय, घर कुठं, असलं विचारायच्या तयारीनं आलेली असायची, आणि हा तिला स्पीकर भिंतीला चिकटवून का ठेवू नये ते समजावून सांगायचा. परतीच्या वाटेवर रिक्षा द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलेली असतानाच नकाराचा फोन यायचा.

येवल्याची तृप्ती मात्र निराळी निघाली. ती नाशिकलाच नोकरीला होती, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. मयूरनं फोनवर स्पीकरांचं पुराण सुरू केलं तर तिनं उलट दहा शंका विचारल्या. एकदा फोन चंद्रभागाबाईंच्या हातात आला, तेव्हा तिनं त्यांनाही विचारलं, "काकू, तुम्हाला काय ऐकायला आवडतं?"

असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "मला? मला काय बाई, दूध उतू चाललं का तेवढं ऐकू आलं म्हंजी झालं," त्या म्हणाल्या. पलीकडे पोरगी खळखळून हसली. त्या हसण्यावर चंद्रभागाबाईंचा जीव जडला. आता सून आणायची तर हीच, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं.

तृप्तीच्या घरी शेती होती आणि पैठणीचे दोन माग. वडिलांच्या मागाच्या आवाजातच ती झोपायची, उठायची. नाशिकला आली आणि तिची झोप उडाली. म्हणून तिनं मागाचा आवाज मोबाइलवर भरून आणला. पण मोबाइलमधून नुसती किटकिट ऐकू यायची. आडवा धागा घेऊन धोटा पळतो आणि त्यामागून ठोका बसतो, तो जमिनीतून पायात चढणारा ठोका काही केल्या येईना.

"तुमच्या त्या डब्यातून येईल का हो?" तिनं मयूरला विचारलं.

"येईल म्हणजे? भिंती हलतील भिंती!" मयूरनं छातीठोकपणे सांगून टाकलं.

झालं. दोन आठवड्यांनी रविवारी आईवडिलांना घेऊन घर बघायला येते, तेव्हा ऐकू, असं तिनं ठरवलं. आणि त्याच सुमाराला डब्यानं मान टाकायला सुरुवात केली.

गाणं जरा रंगात आलं की आतून 'टक' असा आवाज यायचा, लाल दिवा लुकलुकायचा आणि सगळं चिडीचूप. पुन्हा चालू केला की घटकाभर चालायचा, पुन्हा टक. मयूरनं प्लग बदलला, बोर्ड बदलला, स्पीकर एकेक करून सोडवून पाहिले. गेणूतात्यांनी, म्हणजे चंद्रभागाबाईंच्या मालकांनी, वणीकडच्या रानात सारा जन्म बैलांबरोबर काढलेला. ते म्हणाले, "जनावराला दम खाऊ देत्यात तसा त्याला दम खाऊ दे. दिसभर राबवतो, मंग बसंल नाय तर काय करंल?" दम देऊन पाहिला. दम खाऊन डबा उठला आणि दुसऱ्याच गाण्याला बसला.

शेवटी मयूरनं तो उचलून मेन रोडला योगेशच्या दुकानात नेला. योगेशनं झाकण उघडून आत पाहिलं, धूळ काढली आणि सकाळपासून दुकान बंद करेपर्यंत मोठ्या आवाजात वाजवला. एकदाही बंद पडला नाही. "दादा, डबा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "काय असेल ते तुमच्या घरातच आहे."

हे चंद्रभागाबाईंनीही ऐकलं. घरातच आहे म्हणजे काय आहे? त्यांनी गुपचूप डब्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. डब्याला काही दृष्ट लागलेली नव्हती, त्यामुळे ती उतरलीही नाही.

"गरम होत असेल," मयूर म्हणाला. "आई, ते कव्हर काढ बरं वरचं. हवा लागत नाही त्याला."

आता हे कव्हर म्हणजे साधंसुधं नव्हतं. पैठणी विणणारी माणसं घरी येणार म्हटल्यावर चंद्रभागाबाईंनी स्वतःच्या लग्नातल्या पैठणीच्या मोर विणलेल्या पदराचं ते शिवलं होतं. कापल्या कडेची सोनेरी जर उसवून तिचे गोंडे वळले होते आणि चारी बाजूंनी लावले होते. ते काढून कपाटात ठेवायचं आणि पाहुण्यांपुढे काळा डबा उघडा ठेवायचा, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. कव्हर वरून सरकवलं आणि मागच्या अंगाला सोडलं. वर हवा मोकळी झाली, कडेनं मोर दिसत राहिले, आणि डबा आधीपेक्षा जास्त वेळा बंद पडायला लागला.

मयूर वायरी तपासायला बसला की आधी ते कव्हर ओढून सोफ्यावर टाकायचा. मग डबा शहाण्यासारखा वाजायचा. तो उठला की आई कव्हर नीट घालून ठेवायची. मायलेकांचं असं चाललेलं असताना रविवार उजाडला.

तृप्तीचे वडील गोटीराम बोलायला कमी, आई बयाबाई ती कसर भरून काढणाऱ्या. थालीपीठ झालं, चहा झाला, रानातली द्राक्षं झाली, घर बघून झालं. बयाबाईंनी स्वयंपाकघरातला नळसुद्धा सोडून पाहिला. मग तृप्ती बाहेर येऊन बसली आणि म्हणाली, "हं, आता ऐकवा."

मयूरनं आधी एक गाणं लावलं. तबला घुमायला लागला, गोटीरामांची मान डोलायला लागली, आणि टक.

"होतं कधीकधी," मयूर म्हणाला आणि त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा टक. तिसऱ्यांदा तर तबलासुद्धा सुरू झाला नाही. त्याच्या कपाळावर घाम डवरला. चंद्रभागाबाईंना लेकाकडे बघवेना. इतके दिवस त्या डब्याला शिव्या घालत होत्या. आज मात्र त्याच्यापुढे हात जोडून उभं राहावं असं त्यांना वाटलं. वाज रे बाबा, एकदा वाज, पोराची लाज राख, असं त्या मनातल्या मनात घोकत राहिल्या.

"मागून बघू का?" म्हणत तृप्ती उठलीसुद्धा. मयूरनं कव्हर काढून आईच्या हातात दिलं. दोघं फरशीवर बसली, मोबाइलच्या उजेडात एकेक वायर हलवून पाहिली. सगळ्या घट्ट होत्या. चालू केला तर काय, एक गाणं पार पडलं, दुसरंही पार पडलं!

चंद्रभागाबाईंचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर त्यांना डब्याचं उघडं अंग दिसलं. त्या लगबगीनं उठल्या आणि मोर पुढे येतील असं बघून त्यांनी कव्हर घातलं.

टक.

तृप्तीनं डब्याकडे पाहिलं, मग कव्हराकडे.

"काकू," तृप्ती हळूच म्हणाली, "काढा बरं परत."

काढलं. मयूरनं चालू केला, वाजला.

"आता घाला."

घातलं. टक.

बयाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. गेणूतात्यांनी तर मांडीवर थाप मारली. "आरं, घरातच हाय, घरातच हाय म्हंत व्हता त्यो दुकानवाला! ही काय, समोर उभी हाय!"

चंद्रभागाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे इतके दिवस पोराचा डबा त्यांनीच बंद पाडला होता. आणि आज, ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप केला, तिच्याचपुढे.

"पण घातल्या घातल्या कसा गरम होईल?" मयूर पुटपुटला.

गोटीराम इतका वेळ कव्हराकडेच बघत होते. त्यांनी ते मागून घेतलं, एक गोंडा बोटांत धरून चोळला, उजेडात नेला. "ही जर खरी हाय," ते म्हणाले. "आता मिळती ती नाय. ह्याच्यात चांदीची तार हाय, पोरा."

"तार?" मयूर उडालाच. "काका, तार?" त्यानं डब्याची मागची बाजू फिरवली. तिथं स्पीकरच्या वायरींची उघडी टोकं शेजारी शेजारी बसवलेली होती, आणि गोंडे बरोबर त्यांच्यावर येत होते. आवाज वाढला की सगळं थरथरायचं, गोंडा दोन्ही टोकांना एकदम टेकायचा आणि डबा जळू नये म्हणून स्वतःहून बंद व्हायचा. "दुकानात कव्हर नव्हतं! आणि मीपण मूर्ख, तपासायला बसलो की आधी तेच काढून टाकायचो!"

तो आणि तृप्ती एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखे हसत सुटले. चंद्रभागाबाईंनाही आता हसू येणार, तेवढ्यात बयाबाईंनी कव्हर हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा तर पदर हाय," त्या म्हणाल्या. "तुमी पैठणी कापली?"

हसणं थांबलं.  जी गोष्ट दाखवून मान मिळवायचा, तीच चंद्रभागाबाईंच्या अंगाशी आली. ज्यांच्या घरात एकेक पदर भरायला महिने जातात, त्यांच्यापुढे त्यांनी कात्री लावलेला पदर मांडून ठेवला होता.

"कापली," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. "अंगचं कापड इरलं व्हतं, बाई. घडी घातली तिथं तिथं फाटलं. पदर तेवढा नव्यासारखा ऱ्हायला. पेटीत ठिवून कसरीला घालायचा का? आमच्या पोराला जीव की प्राण काय, तर ह्यो डबा. मला त्यातलं काय कळत नाय. त्याच्या आवडीच्या वस्तूवर माझी आवडीची वस्तू घालावी, म्हणून घातली."

 बयाबाई कव्हरावरच्या मोरावर हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी ते नीट घडी करून स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पेटीतल्या पैठण्या म्या लय पाह्यल्या. कसर खाती न् मंग बाया रडत्यात. बरं केलं तुमी."

"आता आमचं लावू का?" तृप्तीनं विचारलं.

मयूरनं आवाज वाढवला. आधी धोट्याची सरसर आली, मग ठोका. सरसर, ठोका. शोकेसमधली भांडी किणकिणली, फरशीतून तो ठोका पायात चढला. खोलीत माग येऊन बसला होता. तृप्तीनं डोळे मिटले. मयूर डब्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता, आणि हे चंद्रभागाबाईंनी बरोबर टिपलं.

गोटीराम ताठ बसले होते. मागावर बसल्यासारखे त्यांचे पाय फरशीवर आळीपाळीनं दाबले जात होते, त्यांच्या नकळत. 

"पोरगा व्हतो तवापासून मी मागावर. पर माग असा समोर बसून आज पैल्यांदा ऐकला." त्यांनी डोळे पुसले आणि हसले. "चांगला वाजतो की माझा माग!"

"चांगला म्हंजी?" गेणूतात्या म्हणाले. "आमच्या खळ्यावर मळणी चालल्यागत वाटलं मला."

सगळे एकदम बोलायला लागले. मयूर तृप्तीला कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून येतोय ते सांगत होता, आणि ती ठोका अजून जरा डावीकडून यायला हवा असं म्हणत होती. बयाबाई चंद्रभागाबाईंना मोराची पिसं कशी भरतात ते दाखवत होत्या. त्या गलक्यात गोटीराम मागे रेलून, मोठ्या समाधानानं म्हणाले, "विहीणबाई, आणखी एक डाव चहा टाका बरं!"

 बयाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. गोटीरामांनी जीभ चावली. अजून कशात काही नव्हतं, ना होकार ना बोलणी, आणि हे विहीणबाई म्हणून मोकळे! "चुकलं माझं," ते चाचरत म्हणाले. "तोंडातून निघून गेलं. पोरीला अजून इचारलं बी नाय."

मयूरच्या हातातला रिमोट हातातच राहिला. चंद्रभागाबाई अर्धवट उठल्या होत्या, त्यांना ना बसता येईना ना उभं राहता येईना.

तृप्ती डब्यामागं वाकून एक वायर नीट करत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"चुकलं कुठं, आप्पा?" ती म्हणाली.