निळी कमान

"निळा सोडून दुसरा कुठलाबी सांगा," बाजीराव तिसऱ्यांदा म्हणाला. "हा लाल बघा. न्हाईतर पिवळा. पिवळा तर लई उठून दिसंल."

आदेशने शेडकार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुण्याहून आणलेलं एक इंग्रजी मासिक त्याने जीपच्या बॉनेटवर उघडून ठेवलं होतं. त्यातल्या फोटोत एक उंच केलेली जीप चिखलातून वर येत होती आणि तिच्या पोटाखालच्या कमानी निळ्याशार होत्या.

"मामा, मला अस्साच पाहिजे. हा, ह्यातला."

बाजीराव भालेराव हा पेठ गावातला कमानवाला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांच्या, जीपांच्या बसलेल्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांचे स्प्रिंग, उतरवायच्या, पाटे ठोकून पुन्हा वाकवायचे, तापवून, पाणी देऊन कडक करायचे, यात त्याची तीस वर्षं गेली होती. कमानीला रंग द्यायचा तो काळा. गाडीच्या पोटाखाली कोण वाकून बघतंय? पण दोन हजार तीनच्या सुमाराला ही नवी टूम निघाली. बागायतदारांची पोरं मिलिटरीच्या जुन्या जीपा घ्यायची, त्या हातभर उंच करून मागायची, आणि उंच केल्यावर पोटाखालचं सगळंच दिसायला लागायचं. मग त्यालाही रंग हवा झाला.

बाजीरावने लाल दिला, पिवळा दिला, एका शौकिनाला तर पोपटी दिला. निळा मात्र कधी दिला नव्हता. त्याच्या घरावर दर चौदा एप्रिलला निळा झेंडा लागायचा. बौद्धवस्तीतल्या माणसाने पाटलांच्या गाडीला निळा फासला तर लोक काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. पुण्यात शिकून आलेल्या या तेवीस वर्षांच्या पोराला ते ठाऊकच नसावं, याचं बाजीरावला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

"वडलांना इचारलं का, आप्पांना?"

"जीप माझी आहे, आप्पांची नाही."

"बघा बरं. उद्या माझ्यावर येईल."

"तुमच्यावर कसं येईल? मी सांगतोय ना!"

मंचरहून निळ्या रंगाचा डबा आला तेव्हा बाजीरावची बायको जानकाबाई शेडमध्ये त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने जेवणाचा डबा खाली ठेवून रंगाच्या डब्याकडे पाहिलं.

"हा रंग कुणाला?"

"पाटलाच्या आदेशला."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"त्यानं सोताच्या तोंडानं मागितलाय."

संध्याकाळी मात्र जानकाबाईने जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणून दिला आणि रंग गाळायला स्वतः धरून बसली. बाजीरावने एकेक पाटा पॉलिश पेपरने घासून चांदीसारखा केला, अस्तराचं रेड ऑक्साइड मारलं आणि त्यावर निळ्याचे तीन पातळ हात दिले. जाड हात दिला की पाट्याला गेलेली चीर रंगाखाली लपते, म्हणून तो नेहमीच पातळ हात द्यायचा. पण या वेळी दोन हातांमध्ये त्याने पुरा दिवस जाऊ दिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पसंतीचे रंग दिले, आपल्या मनातला रंग हातात यायची ही पहिलीच वेळ होती. कमानी जीपला चढवल्यावर तो लांब जाऊन, उकिडवा बसून, बराच वेळ बघत राहिला. त्याला फार आनंद झाला होता.

आठव्या दिवशी जीप परत आली. आदेशच चालवत होता, शेजारी त्याचा बाप हौशीराम. नाव हौशीराम, पण माणसाला हौस एकच, शर्यतीच्या बैलांची. बाकी सगळ्याचा राग.

"वारूळवाडीच्या लग्नात चारशे माणसांत माझी इज्जत गेली," उतरता उतरताच तो कडाडला. "सोयरं इचारत्यात, पाटील, औंदा जयंतीची मिरवणूक तुमच्या जीपवर का? पोराला कळत न्हाई म्हणून तू डाव साधलास व्हय रं?"

"आप्पा, रंग आदेशदादांनी निवडला. मी न्हाई म्हणत व्हतो. इचारा त्यांना."

हौशीरामने पोराकडे पाहिलं. आदेश किल्लीची साखळी बोटाभोवती गुंडाळत होता.

"मला रंगातलं काय कळतंय, आप्पा?" तो म्हणाला. "मामांनी दिला तो मी घेतला."

बाजीरावच्या तोंडाशी शब्द आले. ते मासिक, ते बोट ठेवून 'अस्साच' म्हणणं, सगळं आलं. पण ज्या जागेवर त्याची शेड उभी होती ती जागा हौशीरामच्या चुलतभावाची होती. आणि जागेचं सोडलं, तरी इथे ऐकून कोण घेणार होतं? हौशीरामने तेवढ्यात कमानींकडे बोट केलं.

"आत्ताच्या आत्ता काळा मार वरनं."

"वरनं मारून चालत न्हाई, आप्पा. दोन म्हैन्यांत पापुद्रं निघत्याल अन् खालचा निळा दिसाया लागंल. खरवडून काढावा लागंल. चार दिस द्या."

हे जानकाबाईला कळलं तेव्हा ती उखडलीच. "कशाला सांगायला गेलात? द्यायचा व्हता वरनंच! निघाला असता निळा, बसला असता पाटील बोंबलत."

"पाटलाची जीप असंल, कमान माझी हाय," बाजीराव म्हणाला. "माझ्या कामाचा पापुद्रा न्हाई निघाला आजवर."

शेगडीने जाळून रंग चटकन निघाला असता, पण आचेने पाट्याचं पाणी उतरतं, पाटा मऊ पडतो. म्हणून तो तारेच्या ब्रशने हातानेच घासत राहिला. काम चांगलं झालं होतं, त्यामुळे रंग सुटता सुटत नव्हता. स्वतःच्या हातच्या चांगल्या कामाचा असा राग त्याला कधी आला नव्हता. दुपारी जानकाबाईने दुसरा ब्रश घेतला आणि कमानीच्या पलीकडे बसली. दोघं दोन दिवस घासत होती, आणि पुढचे दोन दिवस काळ्याचे पातळ हात देण्यात गेले.

पाचव्या दिवशी बापलेक जीप न्यायला आले. हौशीराम वाकून वाकून चारी बाजूंनी फिरला. काळा रंग आरशासारखा बसला होता.

"बघ, आता कशी शोभती!" तो खूश होऊन म्हणाला. "रंग निवडाया अक्कल लागती, बाजीराव."

"व्हय, आप्पा."

आदेश स्टिअरिंगमागे बसून समोर बघत होता. जीप मागे घेऊन रस्त्यावर काढायची होती आणि बाजाराचा दिवस असल्याने गाड्यांची रांग काही तुटत नव्हती. शेवटी बाजीरावच रस्त्यात उतरला. नाशिककडून एसटी येत होती, तिला त्याने हात केला. एसटी थांबली. जीप मागे आली, वळली, आणि मंचरच्या बाजूला निघून गेली. ती चढाआड दिसेनाशी झाली तरी बाजीराव हात वर करून तसाच उभा होता.

एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "कुठं जायचंय, बाबा?"

"कुठं न्हाई," बाजीराव म्हणाला आणि बाजूला झाला.